बैठ्या लीगमधला किसन

“आबांना देतो,” किसन म्हणाला आणि त्यानं कवड्या टाकल्या.

सात कवड्या फरशीवर खुळखुळत गेल्या. चार उताण्या, तीन पालथ्या. म्हणजे पास पोचला. किसननं चेंडू उचलला आणि आबांच्या सोंगटीपाशी, अगदी रिंगखाली, नेऊन ठेवला. चेंडू म्हणजे एक चिंचोका. आबांनी कवड्या टाकल्या. बास्केट! अख्खी शेड ओरडली. मी भिंतीला टेकून बसलो होतो. मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, हाच आपला माणूस.

आता हे काय चाललं होतं ते सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, लोणावळ्याच्या कारखान्यात हा माणूस पगार घेऊन कवड्या खेळवत होता. खेळवत होतोच. पण ते माझं काम होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी एका कारखान्यात स्पोर्ट्स असिस्टंट होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, आता तो राहिलाही नाही. तिथे लोखंडी पंप बनायचे. आधीच्या कुठल्याशा मॅनेजरला बास्केटबॉलचं वेड होतं. त्यानं पॅकिंग शेडच्या मागं सिमेंटचं कोर्ट बांधून घेतलं आणि साहेब बदली होऊन निघून गेला. कोर्ट राहिलं, टीम राहिली. त्या टीमला शिकवायला पुण्याहून मी आलो.

पुण्यात असताना मला वाटलं होतं, थंड हवा आहे, मजेत खेळवू. कसलं काय! लोणावळ्यात पावसाचे चार महिने कोर्टाला रजा. सिमेंटवर असं शेवाळ धरायचं, की माणूस नुसता उभा राहिला तरी आपोआप दुसऱ्या टोकाला जाऊन पोचायचा. आश्विनात कोर्ट उघडलं की बघावं, तर पोरं खेळ विसरलेली आणि पोटं सुटलेली. पहिल्या वर्षी मी इतका वैतागलो की नोकरी सोडायच्या गोष्टी करायला लागलो. दुसऱ्या वर्षी बैठी लीग काढली.

बैठी लीग म्हणजे बसून खेळायचा बास्केटबॉल. शेडच्या फरशीवर खडूनं कोर्ट आखलं, त्याच्या चौकटी पाडल्या. पॅटर्न शॉप म्हणून एक खातं होतं, तिथे ओतकामासाठी लाकडाचे नमुने करत. त्यांच्याकडून सोंगट्या करून घेतल्या. प्रत्येक खेळाडूची एक सोंगटी. पाळी आली की खेळाडूनं मोठ्यानं सांगायचं, पास देतो, पळतो, की रिंगवर टाकतो. मग कवड्या. पासला दोन उताण्या पुरे. रिंगखालून टाकला तर तीन हव्यात, लांबून टाकला तर पाच. आणि एका चौकटीत एका टीमची एकच सोंगटी. हा नियम मी मुद्दाम केला होता. नाहीतर सगळे सोंगट्या घेऊन रिंगखालीच गर्दी करायचे.

माझा एक सिद्धांत होता. पळणं, उडी मारणं ही शरीराची कामं, ती पावसानंतर घासून घेता येतात. पण समोर तीन वाटा असताना माणूस कुठली धरतो, हे त्याला बसवून खेळवलं तर स्वच्छ दिसतं. नव्या पोराचं डोकं ओळखायचं तर त्याचे पाय आधी बाजूला ठेवायचे. पुण्याहून आलेल्या माणसाकडे असा एखादा सिद्धांत असावाच लागतो, नाहीतर त्याला जेवण जात नाही.

पण खरं सांगू? सिद्धांत गेला खड्ड्यात, मला ती लीग आवडायची. शिफ्ट सुटली की सगळे शेडमध्ये जमायचे. शेड दोन्ही बाजूंनी उघडी. ढग आत यायचा. अक्षरशः आत यायचा, न विचारता, आणि फरशीवर पसरून बसायचा. मांडी घातलेल्या माणसांचे गुडघे दिसेनासे व्हायचे. खडूच्या रेघा पुसट व्हायच्या. वर एक पिवळा बल्ब आणि खाली ढगात उभ्या असलेल्या सोंगट्या. घाटातून गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनाची शिट्टी यायची, ती कुठल्या बाजूनं आली ते कळायचं नाही. मग कुणीतरी हळूच म्हणायचं, “पळतो.” आणि देवाशपथ सांगतो, मला ती सोंगटी पळताना दिसायची. कॅनव्हासच्या बुटांचा आवाज यायचा. मी कितीदा तरी तोंडात शिट्टी धरून बसलोय, वाजवायची विसरून.

त्या मॅचेस कोर्टवर कधी झाल्याच नाहीत. पण फाउंड्रीतली माणसं पुढं कित्येक वर्षं त्यावरून हमरीतुमरीवर यायची. “त्या मॅचला तू मला पास का न्हाई दिलास?” असं एक फिटर दुसऱ्याला त्याच्या मुलीच्या लग्नात विचारताना मी ऐकलंय. कोर्टवर झालेल्या कितीतरी मॅचेस मी विसरलो. त्या ढगातल्या मात्र डोळे मिटले की दिसतात.

असो. कामाचं बोलू.

जुलैत नवे अप्रेंटिस यायचे. लीगमध्ये चार टीम होत्या: फाउंड्री, मशीन शॉप, स्टोअर्स आणि ऑफिस. नव्या पोरांची या चौघांत वाटणी व्हायची. अमेरिकेत अशा वाटणीला ड्राफ्ट म्हणतात आणि तो बघायला हजारो माणसं जमतात, हे मला म्हातारपणी टीव्हीवर कळलं. आमच्यात नुसतं ‘वाटा उचलणं’ म्हणत. मागच्या वर्षी जी टीम शेवटी आली तिनं पहिला वाटा उचलायचा. ज्याच्या पानात कमी पडलं त्याला आधी वाढायचं, दुसरं काय! वाटणीच्या आधी नव्या पोरांना जुन्या खेळाडूंबरोबर मिसळून काही मॅचेस खेळवायच्या आणि मी प्रत्येकाचं मूल्यमापन करून कॅप्टन लोकांना सांगायचं, हा घ्या, तो नको. माझ्या शब्दाला वजन होतं.

त्या वर्षी मी म्हटलं, डोळे मिटून किसन घ्या.

किसन विशीच्या आतबाहेरचा. सडसडीत, हात चांगले लांब, बोलणं कमी. पवन मावळातलं त्याचं गाव धरणात गेलेलं. जमीन पाण्याखाली, भाऊकी चार दिशांना पांगलेली. आईबापांना घेऊन तो कुसगावात एका खोलीत राहत होता. त्याच्याबरोबरची पोरं घाई करायची. चिंचोका हातात आला की लांबून रिंगवर टाकायची आणि कवड्या पालथ्या पडल्या की कपाळाला हात लावायची. किसन तसं कधी करत नसे. तो सगळ्या सोंगट्यांवरून शांतपणे नजर फिरवायचा आणि म्हणायचा, “आबांना देतो.”

आबा म्हणजे फाउंड्रीचे कॅप्टन. टाकव्याच्या शेतकरी घरातले. लोखंड ओतायचे साचे बनवायचं काम करायचे. पंचेचाळिशी उलटलेली, ताडमाड उंच, मिशा पांढऱ्या. खेळात ते पिव्होट, म्हणजे रिंगखाली उभा राहून वरचे चेंडू घेणारा उंच गडी. आबा पळत नसत. ते रिंगखाली जाऊन उभे राहत आणि खेळ आपल्याकडे यायची वाट बघत. त्यांचं खरं नाव रामभाऊ, पण कारखान्यात लहानथोर सगळे त्यांना आबाच म्हणत. आमचे पर्सोनेल मॅनेजर मेहेंदळेसाहेब कामगारांपैकी कुणाला अहो-जाहो करत नसत. तेही “आबा, बसा” म्हणत.

रिंगखालच्या उंच गड्याला पास देणं हा बास्केटबॉलमधला पहिला धडा. नव्या पोरांना तो शिकवता शिकवता माझ्या तोंडाला फेस यायचा. हा पोरगा न शिकवता तेच करत होता, आणि तेही किती निगुतीनं! फाउंड्री आदल्या वर्षी शेवटची आली होती, त्यामुळे पहिला वाटा आबांचा. त्यांनी किसनच्या पाठीवर हात ठेवला. श्रावण संपता संपता फाउंड्रीनं लीग जिंकली. मी हवेत.

त्या हवेतच मेहेंदळेसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. खेळाडूंसाठी राखलेल्या जागेवर दरवर्षी एकच अप्रेंटिस दिवाळीत कायम व्हायचा. बाकीच्यांना सहा महिन्यांनी राम राम. बाकीच्यांना गावाकडं काहीतरी होतं, भातखाचरं तरी होती. किसनला परत जायला गावच नव्हतं.

“किसनला कायम करा, साहेब. असा पोरगा मी पाहिला नाही.”

“किती बास्केट केल्या त्यानं?”

“बास्केट नाही, पास देतो. त्याच्या पासवर फाउंड्री जिंकली.”

“कुठं जिंकली?”

“लीगमध्ये.”

“कवड्यांच्या?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. हा माणूस चष्मा पुसायला लागला की समजायचं, आपलं काही खरं नाही.

“हे बघा मास्तर. मला वरती लिहून द्यावं लागतं, की हा खेळाडू आहे. खेळाडू म्हणजे ज्यानं चेंडू रिंगमध्ये टाकला तो. दसऱ्यानंतर आपल्या कोर्टवर टूर्नामेंट आहे ना? मी स्वतः येऊन बसतो. एक सोडून दोन बास्केट दाखवू द्या त्याला. नाहीतर स्टोअर्समधल्या त्या दुसऱ्या पोराचं नाव घालतो. तो निदान टाकतो तरी.”

मला काळजी वाटली नाही. म्हटलं, ज्याचं डोकं चालतं त्याचे हात चालवणं मला जमेल.

आश्विनात आम्ही तारेच्या ब्रशांनी कोर्ट घासलं. ऊन पडलं. चार महिने ढगात बसलेली माणसं उन्हात उभी राहिली की कशी दिसतात, झोपेतून उठून अंगणात आल्यासारखी. पहिल्या दिवशी किसनला एकट्याला चेंडू दिला. त्यानं सहज हात लांबवला आणि टाकला. जाळी हलली. पुन्हा टाकला, पुन्हा हलली. लांबून, जवळून, धावत जाऊन बोर्डावर ठेवून. मी बाजूच्या दगडावर बसलो आणि बघतच राहिलो.

मग मॅच लावली. आणि माझं कपाळ!

किसन चेंडू घेऊन सुरेख आत यायचा. समोर रिंग मोकळी. अडवायला कुणी नाही. आणि हा गृहस्थ तिथे थबकायचा, मान वळवायचा, आबा कुठं आहेत ते बघायचा आणि चेंडू त्यांच्याकडे द्यायचा. बैठ्या लीगमध्ये ते चालून जायचं, कारण एका चौकटीत समोरच्यांची एकच सोंगटी. कोर्टवर कुठल्या आल्यात चौकटी? समोरचे दोघंतिघं आबांना चिकटून उभे राहिले की खेळ खलास. पास मधल्या मधे उचलायचे. आबा कोपरं पसरून नुसते उभे.

मी शिट्टी मारली. किसनला बाजूला घेतलं.

“रिंग मोकळी होती. टाकला का नाहीस?”

“आबा हुते की तितं.”

“असू देत. तू जवळ होतास ना?”

“व्हतो की.”

“मग?”

तो खाली बघायला लागला. बुटानं सिमेंट टोकरत म्हणाला, “त्यांच्या म्होरं मी कसा टाकू, मास्तर? थोरलं मानूस उभं हाय. त्यांनी टाकायच्या आदी आपुन टाकायचा, हे बरं दिसतंय व्हय?”

म्हणजे ज्याला मी सबंध श्रावणभर खेळाची समज म्हणत होतो, जिच्यावर मी सिद्धांत उभारला होता, ते या पोराचे संस्कार होते. त्याला पिव्होट दिसतच नव्हता. त्याला मोठं माणूस दिसत होतं. आणि मोठ्या माणसाच्या आधी आपण हात पुढं करायचा नाही, एवढंच तो प्रत्येक पाळीला मोठ्यानं सांगत होता. मी ते ऐकत होतो आणि वा वा म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी मी आबांना बाहेर बसवलं. म्हटलं, आता कुणाला देतोस बघू. त्यानं शंकरला दिला. शंकर मशीन शॉपमधला, किसनपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठा. शंकरला बाहेर काढला, तर तिसऱ्याला दिला. टीममध्ये सगळ्यात लहान किसनच! कुणालाही काढलं तरी याच्याहून मोठं कोणीतरी उरायचंच.

मी ओरडलो. समजावलं. पुन्हा ओरडलो. “व्हय मास्तर,” म्हणायचा. मनापासून म्हणायचा. रिंगखाली गेला की हात थांबायचे. एकदा तर माझ्या धाकानं त्यानं चेंडू वर उचलला, आबांकडे बघितलं आणि असा चेहरा केला, जणू वडिलांच्या ताटातली भाकरी उचलताना सापडलाय. चेंडू तसाच हातातून खाली पडला. संध्याकाळी मी त्याला एकटाच कोर्टवर बघितलं. टाकत होता आणि प्रत्येक चेंडू आत जात होता. मला इतका राग आला, आणि इतकी माया आली, की मी तिथून निघून गेलो.

टूर्नामेंट रविवारी. गुरुवारी मी फाउंड्रीत जाऊन आबांना गाठलं. ते उकिडवे बसून साच्यातली काळी वाळू हातानं थोपटत होते.

“आबा, तुम्ही सांगा त्याला. तुमचं ऐकेल.”

“म्यां सांगितलं तर अजून वाकंल त्यो,” आबा वर न बघता म्हणाले. “थोरल्यानं हुकूम केला म्हनून थोरल्याच्या म्होरं जायाचं? कसं जमंल?”

“मग त्याची नोकरी जाईल.”

आबांचा हात थांबला. “कवा?”

“रविवारी साहेब बघायला येणार आहेत. त्यानं बास्केट केली नाही, तर त्याचं नाव कापणार.”

आबांनी वाळू पुन्हा थोपटायला घेतली. मग म्हणाले, “शनवारची रजा लागंल मला.”

“मॅचच्या आदल्या दिवशी? प्रॅक्टिस आहे!”

“प्रॅक्टिस लय झाली, मास्तर.”

आता याला काय म्हणायचं? मी चरफडत परत आलो. शनिवारी आबा आले नाहीत. सोमाटण्याला गेलेत, एवढंच कुणीतरी सांगितलं.

रविवार उजाडला. पाऊस गेला होता, पण त्या दिवशी एक चुकार ढग मागं राहिला होता. सकाळपासून तो कोर्टच्या कडेकडेनं फिरत होता. खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीवर मेहेंदळेसाहेब. तळेगावकडची एक दणकट टीम समोर उभी. आमची पोरं बुटांच्या नाड्या बांधत होती. किसनचा चेहरा पांढराफटक.

आबा आले. धुतलेला पांढरा बनियन, डोक्यावर टोपी तशीच. ते सरळ किसनपाशी गेले. टोपी काढून काखेत धरली. आणि सगळ्या कारखान्यासमोर कमरेत वाकून त्यांनी त्या पोराच्या पायांना हात लावला.

“तात्या, आशीर्वाद द्या,” आबा म्हणाले.

पोरं हसली. आबांनी काहीतरी गंमत काढली असं सगळ्यांना वाटलं. किसन दचकून मागं सरला. “आबा! काय करताय ह्ये?”

“आबा मी ह्यांचा,” आबांनी लोकांकडे हात केला. “तुमचा न्हाई. तुमचा पुतन्या हाय मी. तुमचा आजा आन माझा पणजा एका बापाचं भाऊ. तुमचा आजा धाकला, दुसऱ्या बायकुचा, त्यो तिकडं पवनेकाठी गेला आन तितलाच झाला. सोमाटन्याला आमची आत्ती दिलीया, तिला इचारून आलोय. आडनाव एकच, पर म्यां कवा इचारलंच न्हाई. नात्यानं तुमी माझं चुलतं लागता.”

हसणं थांबलं. शहरातल्या वाचकांना कदाचित हे कळणार नाही, म्हणून सांगतो. मावळातल्या गावांत नात्यानं मोठा तोच मोठा, वय त्याच्या मागं. तिथे पाळण्यातला मामा असतो आणि काठी टेकणारा भाचा असतो, आणि ज्यानं त्यानं आपापलं नातं पाळायचं असतं. कोर्टभोवती उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला हे आईच्या दुधाबरोबर मिळालेलं होतं. आबा काय करतायत ते त्यांना माझ्या आधी कळलं. ज्या माणसापुढं अख्खी फाउंड्री दबून असायची, तो आपलं मोठेपण विशीतल्या पोराच्या पायाशी ठेवत होता. आणि एकदा ठेवलं की ते परत उचलता येत नाही.

आबा वाकलेलेच होते. किसनला मग काहीतरी करणं भाग होतं. त्यानं हात पुढं केला. त्या पांढऱ्या केसांवर तो ठेवून तो पुटपुटला, “सुखी ऱ्हावा.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं.

मॅच सुरू झाली. पहिल्या हाफमध्ये किसन हरवल्यासारखा फिरत होता. पास देईना, टाकेना. आबांकडे बघायला लाजत होता. आम्ही सपाटून मागं पडलो. साहेबांनी चष्मा काढला.

दुसऱ्या हाफमध्ये तो ढग कोर्टवर उतरला. हळूहळू पलीकडच्या खुर्च्या गेल्या, मग माणसं गेली, मग रिंगचा खांब. वर नुसती रिंग तरंगत होती. बुटांचे आवाज सगळीकडून यायला लागले. मी बाकावर बसलो होतो, पण मला वाटलं मी शेडमध्येच आहे आणि आता कुठूनतरी कवड्या खुळखुळतील. किसन ढगातून बाहेर आला. हातात चेंडू. रिंगच्या समोर. थबकला. मान वळवली. सवयीनं.

आबा तिथेच होते. दोन माणसं त्यांना चिकटलेली. त्यांनी दोन्ही हात खाली पाठीमागं बांधले, घरातली धाकटी माणसं मोठ्यांसमोर उभी राहतात तसे, आणि म्हणाले, “टाका, तात्या.”

फार हळू म्हणाले. पण ढगात आवाज लांबवर जातो.

किसननं त्यांच्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं मला सांगता येणार नाही. मला तर तो सबंध पावसाळाभर बघत होता असं वाटलं. मग त्याचे लांब हात वर गेले. चेंडू धुक्यात शिरला आणि दिसेनासा झाला. मग जाळीचा आवाज आला.

त्यानंतर तो थांबला नाही. चेंडू हातात आला की आबांचं “टाका, तात्या” व्हायचं, आणि तो टाकायचा. पुढं पुढं आबांना म्हणावंही लागलं नाही. मॅच आम्ही हरलो. पहिल्या हाफमधलं अंतर भरून निघालं नाही. पण ते हरणं कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. पोरांनी किसनला उचलून कोर्टभर फिरवलं, आणि पाय उचलायला आबा सगळ्यांत पुढं.

मेहेंदळेसाहेबांनी मला बोलावलं. “ते आबा त्याला काय म्हणत होते?”

“तात्या.”

“तात्या? त्या पोराला?”

“त्यांचा काका आहे तो, साहेब.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग कोर्टकडे बघितलं. “तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय त्या कवड्यांनी,” म्हणाले. पण दिवाळीत किसन कायम झाला.

सोमवारी मी मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत फाउंड्रीत गेलो. किसन कामालाही तिथेच होता. तिथला रिवाज असा, की आबांनी डबा उघडल्याशिवाय कुणी डबा उघडायचा नाही. त्या दिवशी सगळे डबे पुढ्यात घेऊन बसलेले. आबा उघडेनात. ते किसनसाठी थांबले होते. किसन खाली मान घालून आबांसाठी थांबला होता. अख्खी फाउंड्री उपाशी या दोघांकडे बघत होती. शेवटी आबाच म्हणाले, “तात्या, सोडा आता फडकं. पोरांच्या पोटात कावळं वरडायल्यात.” किसननं डोळे मिटून गाठ सोडली. त्या दिवसापासून आबांचा डबा दुसरा. विशीतल्या त्या पोराला सगळा कारखाना तात्या म्हणायला लागला. पुढं तो आमच्या टीमचा कॅप्टन झाला आणि पुष्कळ वर्षांनी चार्जहँड, म्हणजे खात्यातला मुकादम, म्हणून रिटायर झाला, तोवर तात्याच होता.

एक दिवस आबा एकटे सापडले. माझ्या मनात किडा वळवळत होताच.

“आबा, खरं सांगा. ते नातं आहे का?”

“आत्तीनं सांगितलं की.”

“काय सांगितलं आत्यानं?”

आबा मिशीतल्या मिशीत हसले. “आत्ती नव्वदीची हाय. कानानं अधू. म्यां तिला समदं वरडून सांगितलं, असं असं नातं लागतं का गं? तर ती म्हनली, लागत आसंल बाबा.”

“म्हणजे तुम्ही...”

“आडनाव एक हाय, मास्तर. हुडकलं तर सापडतं.” मग ते हसायचे थांबले. “गाव बुडालं त्याचं. भाऊकी ऱ्हाईली न्हाई. कुनीतरी पाया पडाया नको व्हय त्याच्या?”

किसनलाही हे कधी सांगितलं नाही.

त्यानंतर मी बरीच वर्षं नवी पोरं निवडली. बैठी लीग बंद केली नाही. ती मला हवीच होती. उंची मोजली, उडी मोजली, हात बघितले. पण सगळ्यांत आधी पोराला समोर उभं करून विचारायचो, “या टीममध्ये तुझ्याहून लहान कोण आहे?” “कुणीच नाही” असं उत्तर आलं, की मी ओळखायचो: हा आता पास फार सुंदर देणार.